गरज कोणाची, खर्च कोणाचा?

१९१२ साली लंडन विद्यापीठाला एक वेगळीच देणगी मिळू लागली. दरवर्षी १,४०० पौंड, आणि हेतू एवढाच की दारिद्र्य कशामुळे येते व ते कसे हटवता येईल, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा. देणारा इंग्रज नव्हता. ते होते जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतनजी. (आपल्या पिढीला ठाऊक असलेले रतन टाटा ते हे नव्हेत, त्यांचे वडील नवल यांना या रतनजींच्या पत्नी नवाजबाईंनी दत्तक घेतले होते.) गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यालाही रतनजींनी सढळ हाताने पैसे दिले होते. टाटांची दौलत उभी राहिली होती ती मुख्यतः कापसाच्या आणि कापडाच्या धंद्यावर, नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांवर. त्यातला वाटा आता साम्राज्याच्या राजधानीत गरिबी समजून घेण्यासाठी खर्च होणार होता.

हा पैसा गेला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. बिॲट्रिस आणि सिडनी वेब या दांपत्याने मित्रांसह १८९५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत १९१२ सालीच सामाजिक शास्त्र आणि प्रशासन असा नवा विभाग सुरू झाला. टाटांच्या देणगीवर चालणाऱ्या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले आर. एच. टॉनी, हे जन्माने कलकत्त्याचे. विभागात शिकवायला आलेल्या तरुणांपैकी एक होता क्लेमंट ॲटली, पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत मुलांचा क्लब चालवणारा वकील. तेहतीस वर्षांनी तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला आणि त्याच्याच काळात, ५ जुलै १९४८ रोजी, तिथली मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

ज्याला आज विद्यापीठांत ‘सामाजिक धोरण’ म्हणतात, त्या विषयाची एक महत्त्वाची सुरुवात ही अशी आहे. रेशन, निवृत्तिवेतन, शाळा, दवाखाना, घरकुल, रोजगार या सगळ्यांचा हा अभ्यास. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा आणि संख्याशास्त्र यांच्या सीमेवर तो उभा आहे. त्याचा पसारा मोठा असला तरी गाभ्याला चारच प्रश्न आहेत. गरज कशाला म्हणायचे? ती कोणाची मानायची? खर्च कोणाच्या खिशातून करायचा? आणि मदत कोणाच्या हातून पोचवायची? पहिला प्रश्न सर्वांत निरुपद्रवी वाटतो. वाद मात्र सर्वांत जास्त तिथेच झाले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

लायक गरीब, नालायक गरीब

इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने एक तत्त्व घालून दिले होते. सरकारी मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेर राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट असली पाहिजे. नाहीतर लोक काम सोडून मदतीवर जगतील, अशी भीती. त्यासाठी ‘वर्कहाउस’ होती. तिथे नवराबायकोंना वेगळे ठेवत, जाडेभरडे खायला देत, दगड फोडायला लावत. खरोखर गरज असलेलाच इथे येईल, बाकीचे आपोआप दूर राहतील, असा हिशेब होता. धर्मादाय संस्थांचा मार्ग सौम्य होता, पण विचार त्याच दिशेचा. दारात आलेल्याची चौकशी करायची, दारू पितो का, काटकसर करतो का हे पाहायचे आणि मग तो मदतीला ‘लायक’ की ‘नालायक’ ते ठरवायचे. गरिबीचे कारण गरिबाच्या स्वभावात शोधले जात होते.

ही समजूत हलवली ती मोजणीने. चार्ल्स बूथ या जहाज-व्यावसायिकाने लंडनची पाहणी केली. १८८९ ते १९०३ या काळात तिचे १७ खंड निघाले. रस्ता न् रस्ता रंगवलेले त्याचे नकाशे प्रसिद्ध आहेत. सर्वांत वाईट वस्ती काळी, त्याहून बरी निळी आणि श्रीमंतांचे रस्ते पिवळे. लंडनच्या लोकसंख्येपैकी सुमारे ३० टक्के लोक गरिबीत आहेत, असे त्याला आढळले. शहरातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस आळशी किंवा व्यसनी असेल, हे पटण्यासारखे नव्हते.

राजधानी अपवाद असेल, असे म्हणायला जागा होती. ती बुजवली सीबोम राउन्ट्रीने. हा यॉर्कच्या चॉकलेटवाल्यांचा मुलगा. ‘किटकॅट’ पुढे याच घराण्याच्या कंपनीने बाजारात आणले. यॉर्कसारख्या मध्यम शहरात १८९९ मध्ये त्याने कामगारांची घरे पालथी घातली आणि १९०१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. पाच माणसांच्या कुटुंबाला शरीर धडधाकट राहण्यापुरते अन्न, कपडा, जळण आणि भाडे यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असे त्याने काढले. या हिशेबात वर्तमानपत्र नव्हते, ट्रामचे भाडे नव्हते, परगावच्या मुलाला पत्र धाडायचे तिकीटसुद्धा नव्हते. तरीही एवढेही न मिळवणारे यॉर्कमध्ये जवळपास १० टक्के लोक निघाले. हाती पुरेसा पैसा येऊनही प्रत्यक्षात ओढगस्तीत जगणारे धरले तर आकडा २८ टक्क्यांजवळ गेला.

राउन्ट्रीचे दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. मजुराच्या आयुष्यात गरिबी ठरलेल्या वेळी येते, असे त्याला दिसले. स्वतःच्या बालपणी ती असते. कमावता झाल्यावर थोडी उसंत मिळते. लग्न होऊन पोरे लहान असली की ती परतते. पोरे कमावती झाली की पुन्हा बरे दिवस, आणि हातपाय थकले की पुन्हा खड्डा. म्हणजे आज ‘गरीब’ आणि ‘गरीब नसलेले’ असे जे दोन गट दिसतात, त्यांतले पुष्कळ लोक एकाच वाटेवरच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. असे असेल तर चारित्र्याची चौकशी करून काय साधणार? लहान मुलांसाठी भत्ता आणि म्हाताऱ्यांसाठी निवृत्तिवेतन हेच सरळ उत्तर. ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांवरच्या गरजूंना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन देणारा कायदा १९०८ मध्ये झाला.

तुरुंगातला शिधा

राउन्ट्रीचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, दादाभाई नौरोजींचेही पुस्तक प्रसिद्ध झाले. भारताची गरिबी आणि ब्रिटिशांच्या ब्रीदाला न शोभणारी त्यांची राजवट, हा त्याचा विषय. पण दादाभाईंनी गरिबीची मोजणी त्याआधी पाव शतक, १८७६ मध्ये, मुंबईतल्या सभेपुढे वाचलेल्या निबंधात केली होती. त्यांची युक्ती अशी की माणसाला जगायला किती लागते याचा वाद घालत बसण्याऐवजी सरकारचीच कागदपत्रे काढायची. सरकार तुरुंगातल्या कैद्याला किती शिधा देते आणि परमुलखात पाठवलेल्या मजुराला जहाजावर काय खाऊ घालते, ते पाहायचे. त्यावरून १८६७-६८ च्या भावाने माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये, प्रांताप्रमाणे, असा किमान खर्च निघाला. देशाचे दरडोई उत्पन्न त्यांच्या गणिताप्रमाणे होते २० रुपये. तुरुंगात गुन्हेगाराला जे मिळते तेही बाहेरच्या कष्टकऱ्याला परवडत नाही, हे सरकारच्याच हिशेबाने सिद्ध झाले.

दादाभाई आणि राउन्ट्री या दोघांनीही रेषा मुद्दाम खाली ओढली होती. इतकी खाली, की कोणाला ‘हे जास्त मागताहेत’ असे म्हणता येऊ नये. रेषा हा युक्तिवाद होता आणि तिचे बोट व्यवस्थेकडे होते. पुढच्या शंभर वर्षांत मात्र तीच कल्पना सरकारी कचेरीत गेली आणि तिचे काम बदलले. अर्जदाराला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे ती ठरवू लागली. १९९७ मध्ये आपल्याकडे रेशनव्यवस्था ‘लक्ष्यित’ झाली आणि दारिद्र्यरेषेखालचे व वरचे असे भाग पडले. पाठोपाठ महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी शिधापत्रिका आली. रेषा आकड्यातून उतरून घरोघरच्या कार्डाच्या रंगात आली. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र देऊन शहरात माणशी रोज सुमारे ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये ही रेषा सांगितली, तेव्हा देशभर संताप झाला. सुरेश तेंडुलकरांच्या समितीची ही पद्धत गरिबीचा कल मोजण्यासाठी होती. लोकांनी ती वाचली ती ‘३३ रुपये खर्च करणाऱ्याला काही मिळणार नाही’ अशी, आणि मधल्या काळातला अनुभव पाहता त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

कोणतेही मोजमाप समोर आले की ते व्यवस्थेला जाब विचारते आहे की माणसाला गाळते आहे, हे ओळखायला शिकणे हा सामाजिक धोरणाच्या अभ्यासातला पहिला धडा आहे.

यॉर्कहून पिंपळे सौदागरला

राउन्ट्रीची पद्धत महाराष्ट्रात कशी आली, त्याचा प्रवास गमतीदार आहे. हॅरल्ड मान हा इंग्रज शेतीरसायनतज्ज्ञ. इंग्लंडमध्ये रिजमाउंट नावाच्या एका खेड्याची पाहणी त्याने राउन्ट्रीच्याच मापाने केली होती. पुढे तो पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. इथे सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्याने पुण्याजवळचे एक गाव निवडले. आज तिथे उंच इमारती आणि मॉल आहेत, पण तेव्हा पिंपळे सौदागर हे कोरडवाहू खेडे होते. १९१७ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात जमिनीचा इतिहास आहे. १७७१ साली गावातले सरासरी खाते ४० एकरांचे होते, १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आले. कोणाचे किती तुकडे, कोणावर किती कर्ज, बाहेरच्या मजुरीवर किती घरे तगून आहेत, हे त्याने खातेवार मांडले. दुसऱ्या गावाचा, जातेगाव बुद्रुकचा, असाच अभ्यास त्याने ना. वि. कानिटकरांसह १९२१ मध्ये प्रसिद्ध केला.

शहराच्या बाजूलाही असाच धागा आहे. टाटांच्या पैशातून लंडनला जे संशोधन झाले, त्यात आर्थर बाउली आणि ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे इंग्लंडमधल्या कामगारवस्त्यांवरचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले. बाउलीने रेडिंग शहरात प्रत्येक घर न तपासता सुमारे वीस घरांमागे एक घर निवडले आणि त्यावरून सगळ्या शहराचा अंदाज बांधला, तोही चूक किती संभवते ते सांगून. आज आपली राष्ट्रीय नमुना पाहणी ज्या तत्त्वावर चालते, ते हेच. सहलेखक बर्नेट-हर्स्ट नंतर भारतात प्राध्यापक झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांची मजुरी आणि त्यांच्या एकेका खोलीतल्या दाटीवाटीच्या बिऱ्हाडांवर त्याने १९२५ मध्ये ग्रंथ लिहिला. कापडाच्या नफ्यातून निघालेला पैसा लंडनला गेला, पद्धत होऊन परतला आणि कापड विणणाऱ्यांच्या चाळीत शिरला.

पदवी नसलेला प्राध्यापक

लंडनच्या त्या विभागाला स्वतःचा चेहरा मिळाला दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिजचा अहवाल आला. बेव्हरिज जन्माने बंगालमधल्या रंगपूरचे आणि १९१९ ते १९३७ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी हे पाच राक्षस त्यांनी समोर ठेवले आणि सर्वांसाठी एकच सामाजिक विमा सुचवला. त्यावर कल्याणकारी राज्य उभे राहिले. आता ते प्रत्यक्षात कोणाला काय देते, हे तपासणारा हवा होता.

तो मिळाला रिचर्ड टिटमसच्या रूपाने. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला आणि सोळा वर्षे विमा कंपनीत नोकरी केलेला हा माणूस. मृत्यू आणि आजारपणाचे कोष्टक वाचता वाचता त्याला वर्ग दिसू लागले, म्हणजे कोणत्या घरातली मुले जास्त मरतात आणि का. युद्धकाळातल्या सामाजिक सेवांवरचा त्याचा ग्रंथ १९५० मध्ये आला आणि त्याच वर्षी, कोणतीही पदवी नसताना, तो विभागाचा प्राध्यापक झाला.

टिटमसने १९५५ च्या एका व्याख्यानात दाखवून दिले की कल्याणाच्या वाटा तीन आहेत. गरिबाला मिळणारी उघड मदत सगळ्यांना दिसते. करातली सवलत आणि नोकरीबरोबर मिळणारे लाभ कोणी ‘मदत’ म्हणून मोजत नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्या. विधवा पेन्शनचे पैसे ‘खिरापत’ ठरतात. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट हा मात्र हक्क वाटतो. दोन्हींचा भार तिजोरीवरच पडतो. एकात पैसे बाहेर जातात, दुसऱ्यात आत येत नाहीत. ‘फुकटे’ कोण, हा प्रश्न विचारायचाच असेल तर तिन्ही वाटांवर विचारावा लागतो.

टिटमसचे शेवटचे गाजलेले पुस्तक १९७० चे, रक्तदानावरचे. ब्रिटनमध्ये लोक रक्त फुकट देत होते, अमेरिकेत त्याचा मोठा भाग विकत घेतला जाई. विकणारे बहुतेक अडलेले; ते आजार लपवत, म्हणून विकतच्या रक्तातून कावीळ पसरण्याचा धोका अधिक. बाजार नेहमीच कार्यक्षम असतो, या समजुतीला दिलेले हे उत्तर होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. गणेशोत्सवात किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला भरणाऱ्या आपल्या रक्तदान शिबिरांना सामाजिक धोरणाच्या अभ्यासक्रमात जागा आहे, ती या कारणाने.

टिटमसचे सहकारी पीटर टाउनसेंड यांनी गरिबीची व्याख्याच पुढे नेली. पोट भरले म्हणजे गरिबी संपली असे नाही, आपल्या समाजात सर्वसाधारणपणे जे रीतसर जगणे मानले जाते त्यात भाग घेता येत नसेल तर माणूस गरीबच आहे, असे त्यांनी १९७९ मध्ये सविस्तर मांडले. शाळेच्या सहलीला पोराला पाठवता न येणे किंवा पाहुण्याला चहा पाजता न येणे हे यात बसते. राउन्ट्रीने हिशेबातून वगळलेले टपालाचे तिकीट टाउनसेंडने परत आत घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

नागपाड्याची शाळा

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात झाली मुंबईच्या नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथल्या दाट वस्तीत एक शेजारकेंद्र चालवायला घेतले. रतनजींचे थोरले बंधू सर दोराबजी यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने १९३६ मध्ये तिथेच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उघडली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये ती ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाली, नंतर देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तुळजापूरला तिचे ग्रामीण केंद्र आहे.

लंडनमध्ये धोरण आणि प्रत्यक्ष समाजकार्य यांचे रस्ते पुढे बरेचसे वेगळे झाले. नागपाड्यातून निघालेल्या परंपरेत ते एकत्र राहिले. म्हणूनच इथे ‘फील्डवर्क’ला मोठे वजन आहे. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, तुरुंगात किंवा पंचायतीत घालवतो आणि त्याचा लेखी अहवाल देतो. वर्गात संख्याशास्त्र असते, कायदा असतो, अर्थसंकल्प वाचायला शिकवतात. डेन्मार्कचा समाजशास्त्रज्ञ एस्पिंग-अँडरसन याने १९९० मध्ये केलेली कल्याणकारी राज्यांची विभागणी असते. तिच्यात बाजारावर विसंबणारी अमेरिका, नोकरी व कुटुंबाच्या आधाराने चालणारी जर्मनी आणि सर्वांना सारखे देणारी स्वीडन ही तीन ठळक उदाहरणे. भारत यातल्या कोणत्याच खणात बसत नाही, कारण इथले बहुसंख्य लोक पगारपत्रकावर नसतात आणि विम्याचा हप्ता कापायला मालकच सापडत नाही. ही अडचण महाराष्ट्राने एकदा अनोख्या पद्धतीने सोडवली होती.

मागेल त्याला काम

वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ च्या सुमारास त्यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग करून पाहिला. काम मागणाऱ्याला गावाजवळच काम द्यायचे आणि त्या कामातून पाणी व रस्ते उभे करायचे. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना त्यांनी ही कल्पना राज्यभर राबवायचा आग्रह केला. इकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ गरिबीचा हिशेब मांडत होते. जानेवारी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ग्रामीण भारतातले ४० टक्के आणि शहरी भारतातले ५० टक्के लोक पुरेसे अन्न मिळवू शकत नव्हते, आणि त्यांचा उपाय होता सार्वजनिक कामांतून रोजगार. पागे राजकारणातले, दांडेकर विद्यापीठातले. दोघे निघाले वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि पोचले एकाच उत्तराशी.

योजना १९७२ मध्ये जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने गाठले. दुष्काळातल्या खाण्याचे, सुकडी आणि मिलोचे, ते दिवस ज्यांच्या घरात अजून सांगितले जातात, त्यांना त्याची तीव्रता वेगळी सांगायला नको. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या अनुभवाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. इतक्या लोकांना काम देणे प्रशासनाला जमू शकते, आणि लोक फुकट मागत नाहीत, काम मागतात. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

आता या योजनेला आपले चार प्रश्न लावू. गरज म्हणजे काय? काम नसणे. ती कोणाची? जो उन्हात खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला येईल त्याची. उत्पन्नाचा दाखला नको, कार्डाचा रंग नको. सुखवस्तू माणूस तिकडे फिरकतच नाही. तत्त्व म्हणून पाहिले तर हे १८३४ च्या वर्कहाउसचेच नातलग वाटते, कारण इथेही कष्ट हीच चाळणी आहे. फरक हक्काचा आहे. वर्कहाउस माणसाला परतवून लावण्यासाठी होते. इथे काम देण्याचे बंधन सरकारवर होते, ते पंधरा दिवसांत देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा होता, आणि कामाच्या जागी पाळणाघराची सोय कायद्याने बांधली होती. भत्ता दिवसाला निदान एक रुपया इतका नाममात्र होता, तरी नागरिक सरकारकडे बोट दाखवून ‘तुमचे चुकले’ म्हणू शकेल, अशी जागा त्याने निर्माण केली.

खर्च कोणाचा? याचे उत्तर राज्यातल्या पगारदारांच्या हातात दर महिन्याला पडते. पगारपत्रकावर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी व्यवसाय कराची कपात दिसते, तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आला. त्यात भर घालण्याची जबाबदारी राज्याने घेतली. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाने नकळत माण आणि आटपाडीच्या मजुराची हजेरी भरली. शहर आणि खेडे यांच्यातला असा उघड करार भारतात क्वचितच झाला असेल.

चौथा प्रश्न मात्र योजनेला जड गेला. मदत पोचवणारे हात होते मुकादम, हजेरी सहायक, शाखा अभियंता. खोदलेल्या मातीचे माप मापपुस्तिकेत कमी लागले की मजुरी कमी. हजेरीपटावर न आलेल्यांची नावे आणि आलेल्यांचे महिनोन्‌महिने थकलेले पैसे, या तक्रारी जुन्या आहेत. काम सुरू करायला किमान ५० मजूर लागत, म्हणून लहान वाडीचा हक्क कागदावर राही. कामावर बायका मोठ्या संख्येने आल्या, हे पुरुषकेंद्री आखणीला अनपेक्षित होते. कुमुदिनी दांडेकरांनी १९८३ साली या योजनेवर पुस्तक लिहिले ते स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी हाच विषय धरून. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी १०० दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता, त्यातल्या दोषांसकट.

एक प्रश्न सोडवून पाहा

या विषयाच्या परीक्षेत पाठांतराचा उपयोग थोडाच होतो. एखादी चालू योजना समोर ठेवतात आणि ती उलगडायला सांगतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने सुरू केलेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना घ्या. २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, घरात आयकर भरणारा नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड चालेल.

रोजगार हमीशी ताडून पाहिले की राज्य किती लांब आले ते दिसते. तिथे काम मागावे लागे, इथे अर्ज भरावा लागतो. तिथे कष्ट गाळणी होते, इथे कागद. तिथे मधले हात पुष्कळ होते, इथे पैसे थेट खात्यात येतात आणि मुकादम संपतो, ही लहान गोष्ट नाही. बाईच्या नावावर पैसे येणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही. तिच्या घरकामाची किंमत कोणत्याच पगारपत्रकावर नसते. पण तिथे काम न मिळाल्यास सरकार कायद्याने चुकीचे ठरे. इथे नाव गळले तर बाई कोणत्या कायद्याचे कलम दाखवणार? तिथे पैसा कोठून येणार हे नव्या कराचे नाव घेऊन सांगितले होते. इथे तो सर्वसाधारण तिजोरीतून येतो, म्हणजे कोणत्या दुसऱ्या खर्चातून कमी होतो, हे अर्थसंकल्पाची पाने उलटून शोधावे लागते. आणि जुनी शिधापत्रिका, जी एकदा धान्यापुरती रेषा म्हणून आली, ती आता तिसऱ्याच लाभाचे दार उघडते किंवा बंद करते.

चाळणी लावली की दोन चुका होतात. अपात्र आत येतो किंवा पात्र बाहेर राहतो. पहिली चूक वर्तमानपत्रात छापून येते, कारण तिच्यात आकडा आणि नाव असते. दुसरी चूक झालेल्या बाईला बहुधा एवढेच कळते की यंदा पैसे आले नाहीत. नियम जितका कडक, तितकी पहिली चूक कमी आणि दुसरी जास्त. नियम ढिला, तर उलट. दोन्ही एकदम शून्यावर आणणारी योजना जगात कोणालाच करता आलेली नाही. त्यामुळे कोणती चूक आपल्याला जास्त टोचते हे समाजाला ठरवावेच लागते, आणि ते निर्णयाच्या कागदावर लिहिलेले नसले तरी अटींच्या यादीत असते. विद्यापीठात दोन वर्षे घालवून शिकायचे ते ही यादी वाचायला. अडीच लाखांच्या जागी तीन लाख केले तर कोण आत येईल, खर्च कितीने वाढेल आणि तो कोणी सोसावा, याचे उत्तर आकड्यांनिशी देता आले, की विद्यार्थी पास झाला असे समजायला हरकत नाही.